भिंगरीचा टप

केडगाव,
६ एप्रिल २०२५

प्रिय भीमराज,

कर्रऽऽ… धप्प… मग तीस आकडे मोजण्याएवढी शांतता, आणि टक्.

आठवतंय? तू हातमशीनचा दांडा ओढायचास तो कर्रऽऽ, वितळलेलं प्लास्टिक साच्यात उतरायचं ते धप्प, आणि गार झालेला भाग साच्यातून सुटायचा तो टक्. मधल्या तीस आकड्यांत मी कविता म्हणायचो. चौथीच्या पुस्तकातलं एक कडवं त्यात बरोबर बसायचं. आपण दोघांनी एका बाकावर बसून, गुरुजींच्या छडीच्या तालावर पाठ केलेलं. तू वैतागायचास, “गोरख, तुझं कडवं लांबलं की नळीतला माल जळतो.” पण एखाद्या दिवशी मी गप्प राहिलो तर तूच विचारायचास, “का रं, पुस्तक मिटलं का?”

आज चौऱ्याहत्तराव्या वर्षी अचानक पत्र का, असं तुला वाटेल. पत्ता कुठून मिळाला असंही वाटेल. देवळाली प्रवरा काही परदेशात नाही. पत्ता मला पाठ आहे, कसा ते विचारू नकोस.

कामाचं लिहितो. गेल्या आठवड्यात अश्विनी नावाची एक मुलगी घरी आली. तिशीची असेल. एमआयडीसीत तिचा छोटा कारखाना आहे, प्लास्टिकच्या वस्तू करते. पिशवीतून तिनं एक खोकं काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. आपलं खोकं, भीमराज! ‘भिंगरी – जोडा आणि पळवा.’ पुण्याच्या जुन्या बाजारात सापडलं म्हणे. आत मी लिहिलेला कागद तसाच होता:

*आधी जोडा आस, मग चाकांना द्या वास;*
*घाई करील त्याची मोटार बसेल उदास.*

मोटार जोडायचा क्रम ओव्यांत लिहिणारा महाराष्ट्रात मी एकटाच असेन. तू तेव्हा म्हणाला होतास, “पोरांना मोटार जोडायचीय, परीक्षेला न्हाई बसायचं.”

खोक्यात चाकं होती, आस होते, खुर्च्या होत्या, काच होती. टप नव्हता. म्हणजे मोटारीचं वरचं अख्खं अंगच नव्हतं. अश्विनीला भिंगरी पुन्हा काढायची आहे. जुन्या गाड्यांच्या अशा जोडणीच्या संचांना आता वेडे लोक आहेत म्हणे, दाढ्या पांढऱ्या झालेले. तिनं विचारलं, “काका, साचे आहेत का?”

चार साचे माझ्या माळ्यावर आहेत. ग्रीस लावून, वडिलांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेले. पाचवा टपाचा. त्याच्या दोन अर्धुकांपैकी आतलं आहे. बाहेरचं, ज्यात मोटारीचं रूप कोरलेलं होतं ते अर्धुक, सत्त्याऐंशीच्या दसऱ्याला गेलं ते गेलंच.

मी काही म्हणत नाही. फक्त विचारतो. तुझ्याकडं असेल, किंवा कुणाकडं आहे हे तुला ठाऊक असेल, तर आता या वयात सांगायला काय हरकत आहे?

तुझा,
गोरक्ष

---

केडगाव,
२० एप्रिल २०२५

भीमराज,

दोन आठवडे झाले. उत्तर नाही. उत्तर नसणं हेही एक उत्तर असतं, हे मी इतकी वर्षं शाळेत शिकवून शिकलो. ज्याला येत नाही तो पोरगा काहीतरी बोलतो. ज्यानं कॉपी केलीय तो गप्प बसतो.

तुला ठाऊक नसेल, कारखाना बंद पडल्यावर मी शाळेत लागलो. मराठी शिकवलं. त्या नोकरीत कविता लांबली तरी माल जळत नव्हता.

आता नीट वाच. ही अश्विनी मला सरळ वाटत नाही.

परवा ती आली तेव्हा मी तिला अडवलं. म्हटलं, “अगं, टपाचा साचा नाही तर नवा बनव की. तुमच्याकडं कॉम्प्युटर आहेत.”

ती म्हणाली, “बनवता येईल काका, पण तो अंदाज होईल. ती भिंगरी होणार नाही. प्लास्टिक गार होताना आकसतं, म्हणून साचा चिमूटभर मोठा घ्यावा लागतो. तो चिमूट प्रत्येकाच्या हाताचा वेगळा. आणि डावा दिवा उजव्यापेक्षा मोठा ठेवायचा की नाही, हे मी कशावरून ठरवू?”

मी चहाचा कप खाली ठेवला.

डावा दिवा! तुझी कानस घसरली होती त्या दुपारी. ज्वारीच्या दाण्याएवढा फरक पडला. मी म्हटलं, साचा फुकट गेला. तू म्हणालास, “राहू दे, डोळा मारतीय.” हे तिथं उभ्या असलेल्या दोघांनाच ठाऊक होतं. खोक्यावरच्या चित्रात दिवे सारखे आहेत. चित्र मीच काढून घेतलं होतं. मग या पोरीला कुणी सांगितलं?

मी काही दाखवलं नाही. नुसतं “हं” म्हटलं. ती निघाली, जिन्यात तिचा फोन वाजला. मी दाराआड उभा राहिलो. हो, राहिलो. तिला बोलताना ऐकलं: “हो, भेटले… साचे आहेत, जपून ठेवलेत… नाही, तो विषय मी काढला नाही.”

कोणता विषय, भीमराज?

त्याच संध्याकाळी माळ्याला कुलूप लावलं. माझ्या डोक्यात सगळं चित्र उभं राहिलंय. हरवलेलं अर्धुक तुझ्याकडं आहे. माझ्याकडचे चार साचे तुला हवेत. स्वतः यायला तोंड नाही, म्हणून पोरीला पुढं केलंस. चूक असेल तर चूक म्हण. एका पोस्टकार्डात मावेल एवढाच शब्द आहे.

गोरक्ष

---

केडगाव,
४ मे २०२५

भीमराज,

मी तिला विचारलं. सरळच. “तुला भीमराजनं पाठवलं का?”

ती म्हणाली, “पाठवलं नाही. मीच आधी त्यांच्याकडं गेले होते. सुटे भाग ज्या काडीला चिकटून येतात तिच्यावर बारीक अक्षरं आहेत, गो आणि भी. त्यावरून माग काढत गेले. जुन्या फिटर लोकांना विचारत साखर कारखान्यापर्यंत पोचले, तिथं कुणीतरी म्हणालं, असले साचे घडवणारा फिटर एकच होता.”

“मग हे मला आधी का नाही सांगितलंस?”

“तेच म्हणाले, माझं नाव काढू नकोस. माझं नाव ऐकलं की तो माळ्याला कुलूप लावील.”

खिशात किल्ली टोचत होती.

तिनं आणखी सांगितलं. तू म्हणालास म्हणे, “साचे गोरखकडंच असतील. तो विकनार न्हाई. ग्रीस लावून ठेवलं असंल त्यानं.”

हे ऐकून मी विरघळलो असं समजू नकोस. शहाणा चोर गोडच बोलतो. रात्रभर नाही, पण दुपारभर तरी मी हाच विचार केला. अर्धुक अठरा किलोचं. पाय फुटून गेलं नाही. पाच साच्यांची दहा अर्धुकं खंडेनवमीला आपल्या कारखान्याच्या शेडबाहेर पूजेला मांडली होती. कानशी, पाने, हातोड्या, सगळं लिंबाखाली. तू तुमच्या धम्मदीक्षेच्या दिवसासाठी वहिनींना घेऊन नागपूरला गेला होतास, दर दसऱ्याला जायचास तसा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कामाला बसलो तर नऊच अर्धुकं. तुझं ते टपाचं नाही.

एवढंच मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. पुढचंही आज लिहितो, कारण तुला ते ठाऊकच आहे. फक्त माझ्या हातानं कधी कागदावर आलेलं नाही.

माझा चुलतभाऊ काकासाहेब म्हणाला, “आता नाव कुणाचं घ्यायचं, ते तूच समज.” आणि मी म्हणालो, “त्या साच्याला भीमराजशिवाय कोण हात लावतं?” एवढंच एक वाक्य. व्याकरणात प्रश्नार्थक. पण लोकांनी त्याचं उत्तर करून टाकलं.

पूजेच्या दिवशी शेडवर सात माणसं येऊन गेली होती. त्यातल्या एकाच्याही घरी कुणी गेलं नाही. जो गावातच नव्हता त्याच्या घरी आम्ही गेलो. तू नुकताच नागपूरहून उतरला होतास. हातात जड पिशवी. काकासाहेब म्हणाला, उघड. जयमालावहिनींची लग्नातली पत्र्याची पेटी गल्लीत आणून पालथी केली त्यानं. त्यांची लुगडी धुळीत पडली. पिशवीतून पुस्तकं निघाली. नुसती पुस्तकं. मी मोजली होती, अकरा.

मी तिथं उभा होतो, भीमराज. पुस्तकं बघितली. “चला, झालं, चूक झाली” असं म्हणायला एक कडवं म्हणण्याएवढा वेळ होता. मी नाही म्हटलं. कुणीतरी म्हणालं, “साचा विकून पुस्तकं आनली असत्याल,” तेव्हाही मी गप्प. वहिनी खाली बसून एकेक लुगडं झटकत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. तुम्ही आठवड्यात देवळालीला गेलात.

पण मग साचा गेला कुठं? हा प्रश्न माझा एकट्याचा नाही. तू नेला नसशील, तर कुणी नेला? याचं उत्तर दे, मग मी कुठंही नाक घासायला तयार आहे. आधी मात्र उत्तर.

गोरक्ष

---

केडगाव,
१९ मे २०२५

प्रिय भीमराज,

उत्तर मिळालं. तू दिलं नाहीस. दगडानं दिलं, आणि तो दगड नाहीच.

सावकाश लिहितो.

आपल्या शेडची जागा आता प्लॉटवाल्यांनी आखलीय, पण बांधावरचा लिंब आहे आणि त्याखालचा म्हसोबाही आहे. लंकाबाई म्हणून शेजारच्या वस्तीवरच्या एक बाई दिवाबत्ती करतात. काल सकाळी त्या धापा टाकत दारात. “गुरुजी, चला बिगीबिगी! धाकट्या देवानं खोळ टाकली!”

वर्षानुवर्षं चोपडलेल्या शेंदरातेलाचा थर जाड होतो आणि एखाद्या कडक उन्हाळ्यात आपोआप सुटून पडतो, ती खोळ. तुम्ही हे मानत नाही, पण बघितलं असशील. लिंबाखाली देव दोन आहेत. थोरला गोल, धाकटा चौकोनी. धाकटा कधी आला असं कुणी विचारत नाही. देवाला जन्मतारीख कोण विचारतं?

अश्विनी तेव्हा माझ्याकडंच होती, तीही आली. लंकाबाईंनी खोळ पाटीत उचलून ठेवली होती. चांगली वीतभर जाड, नारिंगी. त्यांनी ती उलटी करून माझ्यापुढं धरली.

“बघा की. देव मोटारीत बसून आलाय.”

खोळीच्या आतल्या अंगाला मोटार होती. शेंदराची. टप, खिडक्यांच्या कडा, दाराची बारीक रेघ. आणि डावा दिवा उजव्याहून ज्वारीच्या दाण्याएवढा मोठा.

अश्विनी खाली गुडघ्यावर बसली. धाकट्या देवाच्या पोटात बोट घातलं. मग म्हणाली, “काका, पोलाद आहे. तेलामुळं एक डागसुद्धा नाही.”

मी लिंबाच्या मुळीवर बसलो. आणि मला आई आठवली. चांगुणाबाई माझी. त्या खंडेनवमीला दहाही अर्धुकं बाहेर मीच वाहून नेली होती, मीच. आईनं हळदकुंकू वाहिलं, शेंदूर लावला. टपाचं अर्धुक आडवं राहीना म्हणून मीच ते म्हसोबाला टेकवून उभं केलं. संध्याकाळी आभाळ भरून आलं, घाईनं सगळं आत ओढलं. मोजलं नाही. मी तेव्हा बहुतेक आभाळाकडं बघत होतो. माझं ठरलेलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळीकडं शोधलं. शेडमध्ये, विहिरीवर, उसात, तुझ्या घरात. लिंबाखाली कुणी बघितलंच नाही. शेंदूर लावलेल्याकडं कोण संशयानं बघतं? संशय माणसांवर घ्यायचा असतो.

आणि हे सगळ्यात वाईट. आई पुढं कितीतरी वर्षं म्हणायची, “म्हसोबा एकला हुता बिचारा, त्या नवमीला त्येला जोडीदार आला.” मी हसायचो. म्हणायचो, काय सुंदर कल्पना आहे, आई कविताच करते. शाळेत पोरांना सांगितलंय मी हे वाक्य, अडाणी माणसाची प्रतिभा म्हणून. आई पत्ता सांगत होती, आणि मी अलंकार शोधत होतो.

तू चोर नव्हतास. हे मला पुस्तकं बघितली तेव्हाच कळलं होतं. आज फक्त दुसऱ्यांना दाखवता येईल असं काही हाती आलं.

गोरक्ष

---

केडगाव,
२६ मे २०२५

प्रिय भीमराज,

मागच्या पत्रात क्षमा मागितली नाही हे टपालपेटीत टाकल्यावर लक्षात आलं. विसरलो नव्हतो. पानावर जागाही होती.

मला वाटलं, जे चारचौघांत झालं ते पाकिटात घालून मिटवणं बरं नाही. म्हणून काल रविवारी लिंबाखाली सगळ्यांना बोलावलं. पंचवीसेक माणसं आली. देवाची खोळ बघायला तशीही गर्दी होतच होती. काकासाहेब आला, काठी टेकत, आता ऐंशीचा आहे. मी उभा राहिलो आणि सांगितलं: हा साचा आहे. भीमराजनं घडवला. इथं मी ठेवला. आणि चोरीचं नाव भीमराजवर घातलं तेही मी.

काकासाहेब म्हणाला, “झालं गेलं गंगेला मिळालं. आता कशाला उकरतोस? आपल्याच घराची शोभा.”

“पेटी तू पालथी केलीस काकासाहेब. मी बघत उभा होतो. शोभा तेव्हाच झाली.”

एकजण मागून म्हणाला, “म्हंजे आमी इतकी वर्सं मोटारीला निवद दावला व्हय?” लोक हसले. मला वाटलं, आता हसण्यावारी जाणार सगळं. पण लंकाबाई उठल्या. बाई कुणाची भीड ठेवत नाहीत.

“साचा असंल तवा असंल,” त्या म्हणाल्या. “आता देव हाय. माझ्या पोरीचा ताप ह्यानंच उतरवला. त्याचं मी बघते. पर गुरुजी, त्या मानसाला तुमी उगंच चोर केलं, त्याच्या बायकूची लुगडी रस्त्यात टाकली, आन् अडतीस वर्सं ह्यो हितं बसून समदं बघत हुता. तुमाला जेवान कसं गेलं वो?”

कुणी हसलं नाही मग.

जेवण गेलं, भीमराज. दोन्ही वेळचं गेलं. हेच लिहायचं होतं.

साचा हलवायचा नाही असं खोळ पडली त्याच दिवशी ठरलं. अश्विनीनं हातात धरायच्या यंत्रानं जागेवरच त्याची मापं घेतली, देवाला धक्का न लावता. लंकाबाई शेजारी उभ्या, “नाकाला लागंल, जपून” म्हणत. चार दिवसांत तिनं पहिला टप करून आणलाय. माझ्यापुढं टेबलावर आहे. डोळा मारतोय. फक्त पुढची काच बसत नाही, दोन केसांएवढी अडते. अश्विनी म्हणते कानस लावू. मी हात लावू देत नाही. कुठं आणि किती, ते तुझ्या अंगठ्याला ठाऊक.

ये म्हणणार नाही. तो हक्क मी घालवलाय. माफ कर असं लिहिणारच आहे, पण तीन वेळा लिहून खोडलं, कारण ते दरवेळी कवितेसारखं उतरतंय आणि आता मला माझ्या सुंदर वाक्यांचीच भीती वाटते. साधं लिहितो. माझ्या हातून

थांब. खाली कुणीतरी आलंय. अश्विनी जिन्यावरून हाक मारतेय. “काका, एक आजी आल्यात. आत या म्हटलं तर नको म्हणाल्या. पायरीवरच बसल्यात. तुम्हालाच खाली बोलावतायत.”

खिडकीतून बघितलं. पांढरं लुगडं, पायात चपला तशाच, मांडीवर टपालाची पाकिटं. माझ्याच अक्षरातली. सगळी फोडलेली.

भीमराज, जयमालावहिनी आल्यात. एकट्याच, एसटीनं. मी त्यांना एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. सगळी पत्रं तुलाच लिहिली.

त्या अश्विनीशी बोलतायत, मला इथंवर ऐकू येतंय. “ह्यांना आता दिसत न्हाई बाई. समदी पत्रं मलाच वाचून दावावी लागली, पेटीचं सुद्दीक. लिहून झालं असंल तर खाली ये म्हनावं त्याला. जे काय म्हनायचं ते माझ्या तोंडाकडं बघून म्हन म्हनावं.”